सदर जागेत कधीही शाळा नव्हती

“मॅडम, तुमची शाळा आहे,” खोबरेकर म्हणाला.

“माझं घर आहे,” मी म्हणाले.

“घर आहे हो. पण आमच्याकडे शाळा आहे.”

“तुमच्याकडे काय वाट्टेल ते असेल. मी त्यात राहते, जेवते, झोपते. फळा नाही, बाक नाही, घंटा नाही. शाळा कुठून आली?”

खोबरेकर हा नगरपंचायतीतला घरपट्टीचा क्लार्क. सज्जन माणूस, पण कान खाजवत बोलायची सवय. त्यानं माझं बिल माझ्याकडे फिरवलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. ‘वापर : शाळा (खासगी). वर्ग : बिगरनिवासी.’ खाली रक्कम होती, शेजारच्या घराच्या बरोबर तिप्पट.

“शाळाच होती मॅडम ती,” तो म्हणाला. “सगळ्या गावाला माहितीय.”

“गावाला माहितीय आणि मला नाही? विकत मी घेतलंय!”

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. मी वत्सला शिंगाडे, बार्शीकडची. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, शेवटची बारा मेट्रन होते. लग्न केलं नाही, ते राहूनच गेलं. परांडा, अंबड, जिंतूर, जिथं बदली तिथं क्वार्टर, आणि प्रत्येक क्वार्टरच्या दारावर आधीच्या बाईच्या नावाची पाटी खरवडलेली. शेवटची दीड वर्षं कोकणातल्या या गावी काढली. दवाखान्याबाहेर फारशी पडले नाही, तरी गाव आवडलं. भविष्यनिर्वाह निधी आला तो सगळाच्या सगळा घालून धाकू मेस्त्रीचं घर घेतलं. दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि पुढं ही भली लांबरुंद पडवी.

मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगते. तिप्पट पट्टी पेन्शनीत जड जाणार होती, हे तर होतंच. पण त्याहून जास्त मला एक सरकारी कागद पाहिजे होता, ज्यावर माझं नाव असेल आणि त्याच्यापुढं ‘घर’ असं लिहिलेलं असेल. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तिथं या लोकांनी लिहिलं होतं शाळा!

“हे लिहिलं कुणी?” मी विचारलं.

“ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा सर्वे झाला. बाहेरची पोरं होती, कंत्राटावर. दारोदार जाऊन विचारायची, हे काय आहे, आणि लिहायची.”

“आणि माझ्या दारात कुणी सांगितलं शाळा म्हणून?”

“धाकू मेस्त्रीनंच सांगितलं असणार की,” खोबरेकर म्हणाला. “मॅडम, तसं सोपं आहे. हरकतीचा फॉर्म भरा. ‘शाळा आता बंद झाली’ असं लिहा, मी पुढं—”

“जी नव्हतीच ती बंद कशी होईल?”

“नाही, म्हणजे ती शाळा म्हणजे—”

“फॉर्म द्या.”

मला माणसांचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय नव्हती. वॉर्डात पस्तीस वर्षं हेच केलं. नातेवाईक रामायण सांगत बसतात आणि तिकडं पेशंटची सलाईन संपते. निम्मं ऐकायचं आणि कामाला लागायचं. त्या सवयीपायी पुढं जे झालं ते झालं.

घरी येऊन शेजारच्या चंदाकाकीला गाठलं. चंद्रभागा राऊळ, सत्तरीची बाई, कुंपणापलीकडून दिवसभर बोलणारी.

“काकी, माझ्या घरात कधी शाळा होती?”

“होती मा! माझ्या लग्नाच्या आदीपासून होती.”

“पोरं यायची?”

“पोरा? अगो, घोळकोच्या घोळको! दिवसभर दारात उभी. हाकलली तरी जायनत.”

पोरांना हाकलावं लागणारी शाळा मी जन्मात ऐकली नव्हती. आमच्याकडे पोरांना धरून न्यावं लागायचं.

“भरायची कधी?”

“नागपंचमीक सुरू. चवथीच्या आदल्या दिसाक सगळे आपापल्या घराक.”

“म्हणजे एकच महिना?”

“महिनो, सवा महिनो.”

“आणि मास्तर कोण?”

“मास्तर खयचो? धाकू मेस्त्री एकलोच. आमचो तर चाळीस वर्सा थयच असायचो. गेल्या वर्साचो काय सुंदर दिसा होतो म्हणान सांगू, नुसतो—”

“बरं, बरं,” मी म्हटलं आणि आत आले. चाळीस वर्षं एकाच शाळेत बसलेला मुलगा! काकीच्या मुलाला मी ओळखत होते, तो एसटीत कंडक्टर होता. बाईचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, अशी मी मनातल्या मनात नोंद केली आणि चहा टाकला.

पण धड काही समजत नव्हतं, आणि समजत नाही म्हटल्यावर मला झोप यायची नाही. दुसऱ्या दिवशी उठून तालुक्याला शिक्षण विभागात गेले. तिथल्या बाबूनं दोन जाड रजिस्टरं काढली, धूळ झटकली, तीनदा शिंकला, आणि लिहून दिलं की या पत्त्यावर कोणत्याही मान्यताप्राप्त वा विनाअनुदानित शाळेची नोंद आढळून येत नाही. शिक्क्यासकट. तो कागद मी पिशवीत असा जपून धरला होता की बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कोर्टाची तारीख आहे का.

आता राहिला होता पूर्वमालकाचा जबाब. खोबरेकर म्हणाला होता, मेस्त्रीनं लिहून दिलं तर साहेब लगेच मान्य करतील.

धाकू मेस्त्री तेव्हा गावातच, खालच्या आळीत मुलीकडं राहायचा. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. निरोप धाडला तर दुसऱ्याच दिवशी छत्री टेकत आला. वाळलेला, उंच, स्वच्छ धोतर. व्यवहाराच्या वेळी मी त्याच्याशी जेमतेम चार वाक्यं बोलले असेन, पण त्याचा उजवा हात तेव्हाच पाहिला होता. नर्सच्या नजरेला ते सांगावं लागत नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं सारखी एकमेकांवर फिरायची, मातीची बारीक गोळी वळत असल्यासारखी. कंपवात. गोळ्या वेळेवर घेता का, असं मी विचारलंही होतं.

पडवीत खुर्ची दिली. तो बसला आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिला.

“चुनो मारलात,” तो म्हणाला.

“आल्या आल्या मारला. कोळशानं कुणाकुणाची नावं नि आकडे खरडून ठेवले होते सगळीकडं.”

“व्हय,” तो म्हणाला. “खरडलेली होती.”

मी कागद पुढं केला आणि वाचून दाखवला. मी स्वतःच लिहिला होता, ठणठणीत भाषेत. “मी, धाकू राघो मेस्त्री, लिहून देतो की सदर जागेत कधीही शाळा नव्हती व नाही.”

“कधीच नाय?” त्यानं विचारलं.

“कधीच नाही. बरोबर आहे ना?”

तो परत भिंतीकडं बघायला लागला. हात मांडीवर ठेवला होता, बोटं आपली चाललेली. मला वाटलं त्याला ऐकू कमी येत असेल, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं वाचलं.

“ह्या लिवल्याशिवाय तुमचा काम होवचा नाय?” त्यानं विचारलं.

“नाही होणार. मेस्त्री, मला घर पाहिजे. शाळा नको.”

“खरा असा,” तो म्हणाला. “घर इकत घेतल्यार घरच होया. हाडा पेन.”

मी पेन दिलं. त्याला ते धरता येईना. टोक कागदावर टेकायचं आणि निसटायचं. तीन वेळा झालं. मग मी वॉर्डात करायचे तसं केलं, शेजारी वाकले आणि त्याचं कोपर माझ्या तळहातात घट्ट धरलं. हात थोडा थांबला. त्यानं ‘धा. रा. मेस्त्री’ असं लिहिलं, एकेक अक्षर सावकाश काढत. मला तर बरंच वाटलं. अजून धरता येतो आपल्याला पेशंट, असं वाटलं.

चहा न घेता तो निघाला. पायरीवर थांबून परत एकदा पडवीत नजर फिरवली आणि म्हणाला, “उजेड बरो असा हय. सकाळचो.”

“हो, चांगला आहे,” मी म्हटलं.

सुनावणी पंधरा मिनिटांत आटोपली. मुख्याधिकारी तरुण होता, धुळ्याकडचा, नवीनच आलेला. मी कागद त्याच्यापुढं ओळीनं मांडले.

“शाळेला मान्यता नव्हती?” त्यानं विचारलं.

“शाळाच नव्हती, साहेब.”

खोबरेकर फाइल धरून उभा होता. तो कान खाजवत म्हणाला, “साहेब, ती शाळा म्हणजे तशी नाही, इकडं काय म्हणतात की—”

“खोबरेकर, मी बोलतेय ना?” मी म्हणाले. “पूर्वमालकाची सही आहे. अजून काय पाहिजे?”

बिचाऱ्यानं फाइल साहेबांपुढं ठेवली. आठ दिवसांत ऑर्डर हातात पडली. ‘सदर जागेत कधीही शाळा अस्तित्वात नव्हती ही बाब पूर्वमालकाच्या जबाबावरून सिद्ध होत असल्याने वापराचा प्रकार निवासी असा दुरुस्त करण्यात येत आहे.’ मी ती ऑर्डर चारदा वाचली. पेढे आणले, चंदाकाकीला दिले. ती म्हणाली, “कसले गो?” मी म्हटलं, “माझं घर झालं, काकी.” तिला काही कळलं नाही, पण पेढा खाल्ला.

आणि मग नागपंचमी आली.

सकाळी दहाचा सुमार. दारात एक म्हातारा उभा. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, काखेत मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. नदीपलीकडच्या वाडीवरून चालत आलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

“शाळा हयच मा?” त्यानं विचारलं.

माझं डोकंच फिरलं. “नाही! इथं शाळा नाही! कधीही नव्हती! ऑर्डर आहे माझ्याकडं, दाखवू?”

म्हातारा घाबरून एक पायरी खाली उतरला. आजूबाजूला बघितलं, माड बघितले, चंदाकाकीचं घर बघितलं. “धाकू मेस्त्रीचा घर ह्या?”

“होतं. आता माझं आहे.”

“मगे आमचो गणपती खय करूचो?”

मी एक पायरी खाली उतरले.

“काय म्हणालात?”

“गणपती. आमचो गणपती हयच असता, धाकूच्या शाळेत. माझ्या बापाशीच्या वेळेपासून. मी वरीसभर झिलाकडे मुंबयक होतय, माका कोणी सांगूक नाय.” त्यानं मेणकापड सोडलं. आत लाकडी पाट होता, जुना, तेलकट काळा. मागं खडूनं ‘सोनू घाडी’ लिहिलेलं. “नागपंचमीक पाट हाडून दिवचो. धाकू त्या पाटार मूर्ती करता. चवथीच्या आदल्या दिसाक येवन न्हेवची.”

“गणपती बनवायच्या जागेला तुम्ही शाळा म्हणता?”

“मगे काय म्हणतत?”

“कारखाना म्हणतात! आमच्याकडं गणपतीचा कारखाना म्हणतात!”

“कारखान्यात साखर होता,” सोनू घाडी म्हणाला.

मी पायरीवरच बसले. काकीचा ‘आमचो’ आठवला, चाळीस वर्षं तिथंच बसणारा. दारात उभी राहणारी पोरं आठवली. भिंतीवरची नावं आठवली, राऊळ दीड, शेटगे सव्वादोन, घाडी एक. ते फूट होते. कुणाचा गणपती किती उंचीचा ते. पन्नास घरांची यादी मी वीस रुपयांच्या चुन्यानं पुसली होती. आणि मग तो हात आठवला, आणि मी त्याचं कोपर कसं धरलं होतं ते. काय लिहून घेतलं होतं मी त्याच्याकडून! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घाडीचा पाट मी ठेवून घेतला. “बघते,” म्हटलं त्याला, दुसरं काय म्हणणार.

तशीच खालच्या आळीत गेले. धाकू मेस्त्री पडवीत बसला होता, मुलगी आत भांडी घासत होती.

“मेस्त्री, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“काय सांगूचा?”

“शाळा म्हणजे गणपतीची शाळा.”

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. “मगे दुसरी खयची?”

“मला वाटलं पोरांची. पाटी-पेन्सिलवाली.”

तो बघतच राहिला. मग हसायला लागला. हसता हसता खोकला, मुलगी पाणी घेऊन धावत आली, तिला म्हणाला, “अगो, बायेक वाटला मी मास्तर!” आणि पुन्हा हसला. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिला.

“मग सही कशाला केलीत?” मी विचारलं. “एक शब्द बोलायचात.”

“माका वाटला, तुमका ठावक असा. तुमी घर घेतलात, पैशे दिलात. घेणाऱ्यान सांगितला शाळा नव्हती, तर नव्हती.” तो हाताकडं बघत होता. “गेल्या वर्सा डोळे काढूक जमले नाय माका. पन्नास मुर्ती तयार, आणि डोळे नाय. ह्या चेडवान, माझ्या पोरीन काढल्यान शेवटी. तेवाच म्हटला, आता घर इकूया. कधी कधी माका पण वाटता, नव्हतीच की काय ती शाळा. पण सही करताना वायच वायट वाटला. खोटा कित्याक बोलू.”

पहिल्यांदाच मी कुणाचं तरी पुरतं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नगरपंचायत उघडायच्या आधी मी दारात होते. मुख्याधिकाऱ्याला माझा अर्ज कळेचना. त्यानं दोनदा वाचला.

“बाई, तुमची पट्टी कमी झालीय. आता हरकत कशावर?”

“‘कधीही’ या शब्दावर.”

“म्हणजे?”

“म्हणजे शाळा होती, साहेब. चांगली पंचावन्न वर्षं होती. मी खोटं लिहून घेतलं.”

“मी तेव्हाच सांगत होतो साहेब,” खोबरेकर मागून म्हणाला. “बाईंनी बोलूच दिलं नाही.”

“सांगा आता,” मी म्हटलं. “सगळं सांगा.”

आणि त्यानं सांगितलं. पाट, शाडूची माती, पोरांचा घोळका, सगळं. त्याचाही गणपती तिथलाच होता. मुख्याधिकारी ऐकता ऐकता हसायला लागला, पण मग फाइल बघून गंभीर झाला. “बाई, असं बघा. होती म्हणून लिहिलं तर जुनी बिगरनिवासी नोंद खरी ठरते. गेल्या वर्षीपर्यंत चालू होती म्हणता, म्हणजे त्या वर्षाचा फरक तुमच्यावर बसेल. घर तुमच्या नावावर आहे.”

“बसू दे.”

“कर वाढवून द्या म्हणून हरकत घेणारं माणूस मी तरी बघितलं नाही.”

“आता बघितलंत. लिहा.”

शेवटी त्यानंच मार्ग काढला. वापर निवासीच राहिला. पण रजिस्टरात शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना असतो, तो आजवर कुणी भरलेला नव्हता. खोबरेकरनं पेन झटकलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सदर जागेत धाकू राघो मेस्त्री यांची गणपतीची शाळा होती.’ ऑर्डरमधल्या ‘कधीही’वर आडवी रेघ मारून बाजूला सही शिक्का केला. फरक मी तीन हप्त्यांत भरला.

नक्कल घेऊन मी मेस्त्रीकडं गेले आणि वाचून दाखवली. माझं वाचून झाल्यावर त्यानं ती स्वतःच्या हातात घेतली आणि डोळ्यांजवळ नेली.

“‘कधीही’ कापलात?” त्यानं विचारलं.

“कापलं. ही बघा रेघ.”

“बरा झाला.” मग म्हणाला, “घाडी पाट ठेवन गेलो म्हणतत?”

“माझ्या पडवीत आहे.”

“एकच?”

“एकच. तुमची मुलगी करील का? तुम्ही शेजारी बसून सांगा. उजेड चांगला आहे तिथं, सकाळचा.”

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. बापानं तिच्याकडं पाहिलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं छत्री उचलली. तिघं चालत माझ्या घरी आलो. त्यानं पाट उलटा करून नाव पाहिलं, पाट पालथ्या हातानं पुसला आणि खिडकीखाली नेऊन ठेवला. मग मला विचारलं, “कोळसो असा घरात?”

मी बंबातला कोळसा आणून दिला. तो भिंतीपाशी गेला. पांढरीशुभ्र भिंत, काही महिन्यांपूर्वी चुना मारलेली. हात हलायला लागला, कोळसा भिंतीवर टेकायचा आणि निसटायचा. मी पुढं झाले आणि कोपर धरायला हात लावला.

“नको,” तो म्हणाला. “ह्या माका लिवूक होया.”

मी मागं सरले. त्याला बराच वेळ लागला. ‘घाडी’ असं लिहिलं आणि पुढं ‘१’. घ फुटभर पसरला होता आणि ‘१’ आडवा पडला होता. तो दोन पावलं मागं आला, मान तिरकी करून बघितलं.

“वाकडा इला,” तो म्हणाला.

“वाचता येतंय,” मी म्हणाले.